साडेसात कोटींचा उंबरठा

शहाणपण मोजायचे माप कुणाला सापडले आहे का, असे विचारले तर आपण ते हसण्यावारी नेऊ. पण शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या आपल्या 'सेबी'ला ते ऑगस्ट २०२१ मध्ये सापडले. वर्षाला दोन कोटी रुपये उत्पन्न असेल, किंवा देणी वजा जाता साडेसात कोटींची मालमत्ता असेल आणि त्यातली निदान निम्मी ठेवी, शेअर, रोखे अशा आर्थिक स्वरूपात असेल, तर तो माणूस 'अॅक्रेडिटेड इन्व्हेस्टर'. (उत्पन्न एक कोटी आणि मालमत्ता पाच कोटी अशी एक मधली वाटही ठेवली आहे, तिथेही निम्म्याची अट आहेच.) मराठीत त्याला मान्यताप्राप्त गुंतवणूकदार म्हणता येईल. त्याचे रीतसर प्रमाणपत्र मिळते. ते हाती आले की ज्या फंडांत एरवी किमान एक कोटी रुपये घातल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही, तिथे कमी रकमेवरही प्रवेश मिळतो आणि तुमच्याआमच्या रक्षणासाठी केलेले काही नियम त्याच्यापुरते सैल होतात. यामागची कल्पना अशी, की या माणसाला व्यवहारातले कळते, किंवा ज्याला कळते असा सल्लागार तो पदरी ठेवू शकतो, आणि पैसे बुडालेच तर तो रस्त्यावर येत नाही. त्याची काळजी सरकारने का वाहावी?

रविवारी सकाळी चहाच्या वेळी हा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण गेल्या काही वर्षांत मध्यमवर्गीय घरात एकरकमी पैसा येण्याचे प्रसंग वाढले आहेत. कुणाचा वाडा पुनर्विकासाला गेला, कुणाची तळेगावकडची जमीन विकली गेली, कुणाचा मुलगा परदेशातच स्थायिक झाला म्हणून त्याच्यासाठी घेतलेला दुसरा फ्लॅट काढून टाकला. पैसे खात्यात जमा होतात आणि आठ दिवसांत फोन सुरू होतात. फोन करणारी मुले हुशार, बोलण्यात गोड आणि घाईत असतात. ती जे विकत असतात त्यात जमीनजुमला असतो, करबचत असते, आणि 'हे सगळ्यांसाठी नाही, तुमच्यासारख्या निवडक लोकांसाठीच आहे' हे वाक्य असते. मला बोलायचे आहे ते या वाक्याबद्दल.

मी अठरा वर्षे बँकेत काढली आणि २००१ च्या स्वेच्छानिवृत्तीत बाहेर पडलो. तेव्हापासून लिहितो. पण जुने खातेदार अजून मला लेखक मानायला तयार नाहीत. ते कागद घेऊन येतात. त्यातल्या एक निवृत्त मुख्याध्यापिका मागच्या वर्षी आल्या. त्यांनी आणि त्यांच्या न्यू जर्सीतल्या धाकट्या भावाने मिळून २०१२ मध्ये आईवडिलांसाठी पन्नास लाखांचा फ्लॅट घेतला होता, निम्मा-निम्मा. आईवडील गेल्यावर डिसेंबर २०२४ मध्ये तो ऐंशी लाखांना विकला. बाईंच्या वाट्याला चाळीस लाख आले. "साहेब, हे एचएनआय म्हणजे काय हो? तो मुलगा मला सारखा तेच म्हणतो," असे त्यांनी बसता बसता विचारले. मी म्हटले, "बाई, श्रीमंत असामी. आता तुम्हीही त्यातल्या, असे त्याचे म्हणणे दिसते." त्यावर त्या हसल्या, पण पिशवीतून जे माहितीपत्रक निघाले ते हसण्यासारखे नव्हते. एका मोठ्या कार्यालयीन इमारतीचा 'तुकडा' त्यांनी घ्यावा, त्यातून दरमहा भाडे मिळेल, आणि सहा महिन्यांच्या आत पैसे गुंतवले तर भांडवली नफ्यावरचा कर वाचेल, असे त्या मुलाने त्यांना सांगितले होते. मुदत संपायला तीन आठवडे उरले होते.

आधी कराचे पाहू. २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने घर-जमिनीच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावरचा कर वीस टक्क्यांवरून साडेबारा टक्क्यांवर आणला, पण त्याबरोबर महागाईचा भत्ता, ज्याला इंडेक्सेशन म्हणतात, तो काढून घेतला. त्यावर ओरड झाली. तेव्हा त्या तारखेपूर्वी घेतलेल्या मालमत्तेसाठी भारतात राहणाऱ्या व्यक्तींना आणि एकत्र कुटुंबांना दोन्ही रीतींपैकी कमी कराची रीत धरण्याची मुभा मिळाली. परदेशस्थांना ती नाही. बाईंचा हिशेब मी तिथल्या तिथे मांडला. त्यांच्या वाट्याची खरेदी पंचवीस लाखांची. महागाईचा निर्देशांक २०१२-१३ साली २०० होता, २०२४-२५ साली ३६३. म्हणजे जुन्या रीतीने त्यांची खरेदी धरायची सव्वापंचेचाळीस लाखांच्या पुढे, आणि विक्री चाळीस लाखांची. नफाच नाही. कर शून्य! जो कर त्यांना लागतच नव्हता तो वाचवण्यासाठी त्यांना तीन आठवड्यांत चाळीस लाखांचा निर्णय घ्यायला सांगितले जात होते.

सगळ्यांचा हिशेब असा सुटेल असे मुळीच नाही. कोथरूडला २००१-०२ मध्ये आठ लाखांना घेतलेला फ्लॅट कुणी त्याच वर्षी ऐंशी लाखांना विकला असेल, तर त्याला साडेबारा टक्क्यांची नवी रीतच स्वस्त पडते: नऊ लाख, जुन्या रीतीने दहा लाखांच्या वर. ज्याची किंमत दहापट झाली त्याला नवे बरे, ज्याची किंमत महागाईमागे रखडली त्याला जुने बरे. यासाठी कागद, पेन्सिल आणि अर्धा तास लागतो. फोनवरच्या मुलाने तो अर्धा तास काढला नव्हता, याचे मला नवल वाटत नाही. कर शून्य आहे हे कळले असते तर त्याच्याकडे विकायला घाई उरली नसती.

भावाचे गणित निराळे झाले. त्याला इंडेक्सेशन नाही. त्याचा नफा सरळ पंधरा लाख, त्यावर साडेबारा टक्के आणि उपकर मिळून एक लाख पंच्याण्णव हजार. एकच फ्लॅट, एकच दिवस, एकच गिऱ्हाईक, पण बहिणीला शून्य आणि भावाला दोन लाखांच्या आसपास. शिवाय विकणारा परदेशस्थ असला की घेणाऱ्याने त्याच्या पैशातून कर कापून भरायचा असतो, आणि कमी कपातीचे प्रमाणपत्र प्राप्तिकर खात्याकडून आगाऊ आणलेले नसेल तर घेणारा स्वतःच्या बचावासाठी नफ्यावर नव्हे, पूर्ण रकमेवर कापतो. त्याचे पाच लाख वीस हजार कापले गेले. बहिणीच्या वाट्यातून गेले एक टक्का, चाळीस हजार. भावाला परतावा मिळेल, पण विवरणपत्र भरून आणि वाट पाहून. ज्यांची मुले तिकडे आहेत आणि ज्यांच्या इकडच्या घरावर मुलांची नावे आहेत, त्यांनी विक्रीची बोलणी सुरू होण्यापूर्वीच हे प्रमाणपत्र मागवायला हवे. सौदा ठरल्यावर धावाधाव करून ते वेळेत येईलच असे नाही.

राहिला 'तुकडा'. घर विकून झालेल्या नफ्यावरची सवलत मिळते ती राहते घर घेतले किंवा बांधले तर (घेतले तर दोन वर्षांत, बांधले तर तीन), किंवा सहा महिन्यांच्या आत सरकारने ठरवून दिलेल्या रोख्यांत पन्नास लाखांपर्यंत पैसे पाच वर्षांसाठी अडकवले तर. कार्यालयाच्या इमारतीत पैसे घालून ती मिळत नाही. (२०२५ च्या नव्या प्राप्तिकर कायद्याने, ज्याच्या अंमलाची तारीख १ एप्रिल २०२६ आहे, कलमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून मी इथे क्रमांक देत नाही.) त्यातून तुकडा हा शब्दही फसवा आहे. आपल्याला वाटते, तिसऱ्या मजल्यावरची पश्चिमेची खिडकी आपली. प्रत्यक्षात इमारत एका कंपनीच्या नावावर असते आणि आपल्या हाती त्या कंपनीचे शेअर किंवा कर्जरोखे येतात. ना इंडेक्स टूवर आपले नाव, ना आपल्याला ती गहाण टाकता येत, ना एकट्याने विकता येत. भाडेकरू सोडून गेला तर दरमहाचे भाडे कुठून येणार, हे विचारायला समोर कुणी नसते. या व्यवसायाला शिस्त यावी म्हणून सेबीने मार्च २०२४ मध्ये त्याला छोट्या 'रीट'च्या चौकटीत आणले: मालमत्ता पन्नास ते पाचशे कोटींची, किमान दोनशे सभासद, आणि प्रत्येकाचे किमान दहा लाख रुपये. हे चांगलेच झाले. पण पत्रक हातात आले की ते त्या चौकटीतले आहे की बाहेरचे, हा पहिला प्रश्न हवा. बाईंच्या हातातले बाहेरचे होते. इमारतींच्या भाड्यात वाटा हवाच असेल तर २०१९ पासून शेअर बाजारात मोठ्या रीटची युनिट्स मिळतात, ती एकेक करूनही घेता येतात आणि नको तेव्हा विकता येतात. त्यासाठी कुणी फोन करत नाही, कारण त्यात दलाली फारशी नाही.

आता साडेसात कोटींच्या मापाकडे येतो. ही कल्पना आपली नव्हे, अमेरिकेची, आणि तिच्या मुळाशी जमिनीचीच एक गोष्ट आहे. फ्लोरिडात होवी नावाची एक कंपनी होती. तिच्या संत्र्यांच्या बागा होत्या आणि शेजारी हॉटेल होते. हॉटेलात उतरणारी माणसे बहुतेक परगावची, व्यापारी नाहीतर डॉक्टर-वकिलांसारखी. ती बागा पाहून भाळायची. मग कंपनी त्यांना बागेतला एक अरुंद पट्टा विकायची आणि बरोबर दहा वर्षांचा देखभालीचा करारही करून घ्यायची. पट्ट्यांना कुंपण नव्हते. कोणता कुणाचा हे कंपनीच्या नकाशावहीतूनच कळायचे. कंपनीचे म्हणणे, आम्ही जमीन विकतो, यात शेअर बाजाराच्या कायद्याचा काय संबंध? १९४६ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की दुसऱ्याच्या कष्टातून नफा मिळेल या भरवशावर सगळ्यांचे पैसे एका उद्योगात घेतले जात असतील, तर वर जमिनीचा कागद असला तरी ती गुंतवणूकच आहे आणि तिला कायदा लागू आहे.

वाचकहो, यात आपल्याला काही ओळखीचे दिसते का? नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत सागवानाच्या आणि आंब्याच्या लागवडीच्या पानपानभर जाहिराती येत. आज हजारो रुपये द्या, वीस वर्षांनी लाखो न्या. आमच्या शाखेतून त्या योजनांसाठी काढलेले ड्राफ्ट मी स्वतः सही करून दिले आहेत. खातेदार ऐकायच्या मनःस्थितीत नसत. १९९९ मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणुकीचे नियम आणले, तोवर पुष्कळ लागवडी कागदावरच वाळल्या होत्या. त्याहून मोठे प्रकरण पर्ल्स समूहाच्या 'पीएसीएल'चे. शेतजमिनीच्या तुकड्यांच्या नावावर या कंपनीने देशभरातून पैसे गोळा केले. आम्ही जमिनीचा व्यवहार करतो, गुंतवणुकीचा नाही, असेच तिचेही म्हणणे होते. ऑगस्ट २०१४ मध्ये सेबीने तिला ४९,१०० कोटी रुपये परत करायचा आदेश दिला. गुंतवणूकदारांची संख्या कोटींत होती. त्यात शेतमजूर होते, रिक्षावाले होते, घरकाम करणाऱ्या बाया होत्या. त्यांना कुणी 'निवडक' म्हटले नव्हते आणि त्यांच्यासाठी दाराशी कुणी रखवालदारही नव्हता. म्हणून उंबरठाच नको, असे म्हणणाऱ्यांच्या पक्षात मी नाही.

पण उंबरठा कशाचा असावा? १९५३ मध्ये अमेरिकेत आणखी एक खटला झाला. राल्स्टन प्युरिना या पशुखाद्याच्या कंपनीने आपल्या नोकरांना नोंदणी न करता शेअर विकले आणि ते 'महत्त्वाचे' कर्मचारी आहेत असे सांगितले. त्या महत्त्वाच्या लोकांत लघुलेखनिक होते, वीजतंत्री होते, कारकून होते. न्यायालय म्हणाले, ज्याला स्वतःचे रक्षण स्वतः करता येते त्यालाच कायद्याच्या छत्राबाहेर ठेवता येईल. आणि त्यासाठी त्याला खरी माहिती मिळायला हवी. किती सुंदर कसोटी! पण १९८२ मध्ये नियम लिहायची वेळ आली तेव्हा माहितीबद्दलची ही कसोटी पैशात मोजली गेली: दहा लाख डॉलरची मालमत्ता किंवा दोन लाख डॉलरचे उत्पन्न. तो आकडा आजही तोच आहे. तेव्हा अमेरिकेतल्या शंभर कुटुंबांपैकी जेमतेम दोन त्यात बसत; महागाई वाढत गेली आणि २०२२ साली अठराहून अधिक बसू लागली. माणसे शहाणी झाली नाहीत, डॉलर स्वस्त झाला. एक सुधारणा मात्र त्यांनी २०१० मध्ये केली, राहत्या घराची किंमत हिशेबातून वगळली. दुसरी २०२० मध्ये: शेअर-व्यवसायाच्या ठरावीक परवाना परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला पैसा नसला तरी आत घ्यायचे ठरले.

बाईंचा भाऊ तिकडे मान्यताप्राप्त आहे. नवरा-बायको दोघे सॉफ्टवेअरमध्ये असले की तीन लाख डॉलरची जोडीची मर्यादा ओलांडणे तिथल्या आपल्या मंडळींना फार जड जात नाही. त्याला तिकडे जे विकतात ते इकडच्याहून गुंतागुंतीचे असते. टेक्सासमधल्या भाड्याच्या इमारतींच्या संकुलात भागीदारी. इमारतीचा साडेसत्तावीस वर्षांत विभागलेला घसारा दाखवून भाड्याचे उत्पन्न करापुरते कागदावर पुसून टाकता येते, आणि हे सांगितले की इंजिनिअर माणूस विरघळतो. पगारदाराला असा कागदी तोटा साधारणपणे पगारातून वजा करता येत नाही, हे १९८६ पासूनचे तिथले कलम आणि विकताना त्याच घसाऱ्यावर पंचवीस टक्क्यांपर्यंत कर परत भरावा लागतो ही गोष्ट, दोन्ही बारीक अक्षरात असतात. त्याहून बारीक अक्षरात असते ते कर्ज. २०२१-२२ मध्ये अशी पुष्कळ संकुले बदलत्या व्याजाच्या कर्जावर घेतली गेली. मार्च २०२२ पासून दीड वर्षाच्या आत अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याज शून्याजवळून सव्वापाच टक्क्यांच्या वर नेले. एप्रिल २०२३ मध्ये ह्यूस्टनमधली चार संकुले, मिळून तीन हजारांहून अधिक घरे, एकाच वेळी सावकाराने जप्त केली. अशा व्यवहारांत पैसे घालणारे बहुतेक कायद्याच्या लेखी जाणकारच असतात.

बँकेच्या काउंटरवर मी उलटेसुलटे सगळे पाहिले. लाखोंची उलाढाल करणारा एक आडत्या समोर ठेवाल त्या कागदावर सही करायचा, आणि आमचा एक शिपाई शहरातल्या साऱ्या बँकांचे ठेवीचे दर तोंडपाठ ठेवायचा, जामीन राहायचे म्हटले की करारनाम्याची प्रत घरी नेऊन दोन दिवस वाचायचा. सेबीच्या मापाने या दोघांतला जाणकार कोण ठरला असता, हे सांगायला नको. मला त्या मापातली एकच गोष्ट मनापासून आवडते, निम्मी मालमत्ता आर्थिक स्वरूपात हवी ही अट. डेक्कनवर आठ कोटींचा बंगला आहे आणि बँकेत तीस लाख, असा गृहस्थ त्यात बसत नाही. आणि बसू नयेच, कारण त्याचे तीस लाख गेले तर बंगल्याची एक खोली विकून औषधे आणता येत नाहीत. फोनवरची मुले मात्र बंगला धरूनच त्याला असामी म्हणतात.

माझे म्हणणे असे, की माणसाकडे किती आहे हे मोजण्यापेक्षा त्यातले किती एका ठिकाणी जात आहे हे मोजावे. अमेरिकेतच २०१५ पासून एका वेगळ्या नियमाखाली तसे होते. बाजारात नोंद नसलेल्या काही योजनांत सामान्य माणसालाही प्रवेश आहे, पण उत्पन्न किंवा निव्वळ मालमत्ता यांतले जे जास्त असेल त्याच्या दहा टक्क्यांपर्यंतच. आपल्याकडे राहते घर वगळून उरलेल्याच्या दहा टक्क्यांचे माप लावले, तर शिपायालाही दार उघडेल आणि बाईंचे चाळीसच्या चाळीस लाख एका इमारतीत जाणार नाहीत. आणि हे माप साडेसात कोटीवाल्यालाही लागू करा. तो जाणकार असेल तर त्याची ना नसावी. यावर आक्षेप येतो, की हे मोजणार कोण, तपासणार कोण? १९८५ च्या सुमारास एखादा कारकून घर बांधायला चाळीस हजारांचे कर्ज मागायला यायचा, तेव्हा त्याचा पगार, त्याची इतर देणी, घरात खाणारी तोंडे आणि हप्ता जाऊन हाती काय उरते, हे सगळे आम्ही एका कागदावर पेन्सिलीने मांडत होतो, आणि हप्ता झेपत नसेल तर कर्ज नाकारत होतो. पैसे देताना जो हिशेब दहा मिनिटांत होत असे, तो पैसे घेताना करायला अडचण कसली?